धरणातल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचंय, पण घरचे म्हणतात बी.एड. कर

प्रश्न थोडक्यात असा. माजलगाव तालुक्यातली एक मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला नद्या, तलाव, धरणं यांच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करायचंय. वडील शेतकरी. ते म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर वाळूजला एखाद्या औषध कंपनीत लाग. तिनं विचारलंय की या विषयात स्कोप आहे का, किती वर्षं जातील, पुण्याला किंवा परदेशात गेल्याशिवाय हे होतच नाही का. आणि अगदी शेवटी एका ओळीत, 'मला पोहता येत नाही, चालेल का?'

मी या कामात बावीस वर्षं आहे. मराठवाड्यात शिकले, पीएच.डी. इथल्याच धरणांवर केली, मग काही वर्षं बाहेर काढली, आणि आता पुन्हा इथंच विद्यार्थी घेऊन काम करते. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तू 'स्कोप' विचारलास, पण तुझ्या पत्रातली खरी अडचण मला वेगळी दिसते. या कामात पगार उशिरा सुरू होतो. तेवढा उशीर घराला सोसवेल का, आणि सोसला तर शेवटी हाती काय लागेल, हे तुला कळत नाहीये. यातल्या पहिल्या भागाचं उत्तर तुझ्या घरात आहे, माझ्याकडे नाही. बहिणीचं लग्न, डोक्यावरचं कर्ज, जमीन कोरडवाहू की बागायती, या गोष्टी तूच जाणतेस. दुसऱ्या भागाचं मात्र मी सांगू शकते, आणि त्यासाठी आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगावं लागेल.

एम.एस्सी.ला असताना आम्ही नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी आणून न्यूट्रिअंट अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर प्लेटा लावल्या. दोन दिवसांनी मोजलं तर मिलीलिटरमागे काहीशे वसाहती, म्हणजे जिवाणू वाढून झालेले ठिपके. आम्ही खूश. सरांनी त्याच बाटलीतलं पाणी काळ्या फिल्टरवर गाळलं, अ‍ॅक्रिडिन ऑरेंजनं रंगवलं आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली लावलं. मी डोळा लावला तर खळ्यावर ज्वारीचे दाणे सांडावेत तसे हिरवे-केशरी ठिपके. गुणाकार करून आकडा काढला, तो मिलीलिटरमागे दहा लाखांच्या घरात गेला. शेत पिकानं उभं भरलेलं, आणि आम्ही बांधावरचं गवत मोजून उत्पन्न सांगत होतो. पाण्यातले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत. या तफावतीला १९८५ साली 'ग्रेट प्लेट काउंट अ‍ॅनॉमली' असं नाव मिळालं. तू आत्ता प्रॅक्टिकलला जे शिकतेयस ते बहुतेक त्या बांधावरच्या गवताबद्दल आहे. ते नीट शीकच, पण शेत आत आहे हे ध्यानात ठेव.

हे आतले जीव करतात काय? धरणातलं शेवाळ वाढताना आणि मरताना पाण्यात सेंद्रिय द्रव्य सोडतं. ते विरघळलेलं असतं, मासा ते खाऊ शकत नाही. जिवाणू खातात. जिवाणूंना फ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव खातात, त्यांना सिलिएट हे त्यांच्याहून मोठे एकपेशीय जीव, त्यांना पाणपिसवा, आणि पाणपिसवा कटला माशाच्या तोंडी जातात. वाया गेलेलं अन्न पुन्हा साखळीत आणणाऱ्या या वळशाला 'मायक्रोबियल लूप' म्हणतात. फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली समुद्राच्या अभ्यासातून ही मांडणी केली, आणि ती गोड्या पाण्यालाही लागू पडली. आठवडी बाजारातल्या माशामागे हा सगळा अदृश्य कारभार असतो. तो पहिल्यांदा समजला तेव्हा मला आपण कुठं काम करणार हे कळून चुकलं.

आता मराठवाड्याबद्दल. पुस्तकातले तलाव बहुधा थंड, खोल, बारमाही भरलेले असतात. आपलं पाणी तसं नाही. ते उथळ पसरतं, तापतं, पावसाळ्यात काळ्या मातीनं गढूळ होतं आणि काही वर्षी नाहीसंच होतं. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुला आठवत असेल. त्या काळात मला लोक विचारायचे, 'पाणीच नाही, आता तुम्ही कशावर संशोधन करणार?' आम्ही गाळावर केलं. सुकून तडे गेलेल्या गाळात जीव संपत नाही, तो थांबून राहतो. पहिला पाऊस पडला की काही तासांत श्वसन एकदम उसळतं आणि कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडतो. कोरडी माती भिजल्यावर होणाऱ्या या उसळीला 'बर्च इफेक्ट' म्हणतात, १९५८ सालच्या बर्च यांच्या कामावरून. पहिल्या पावसाचा जो वास आपण छाती भरून घेतो, त्यातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन. तेही मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसीट जिवाणूंनी बनवलेलं असतं. गंमत म्हणजे तेच जिओस्मिन धरणातलं निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, बनवतं तेव्हा नळाच्या पाण्याला मातकट वास येतो आणि लोक नगरपालिकेकडे तक्रार करतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं.

लोक मला हमखास लोणारबद्दल विचारतात. लोणार आपल्या उंबऱ्यावरच आहे, पण ते खारं आणि अल्कधर्मी पाणी. २०२० साली ते गुलाबी झालं ते हॅलोआर्किया नावाच्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं दाखवलं. सुंदर विषय आहे आणि त्यावर बरंच काम झालेलं आहे. पण नाव मोठं म्हणून तिकडे धावू नकोस. तुझ्या घराजवळचा प्रश्न ऐक. जायकवाडीचं पाणी पैठणच्या उजव्या कालव्यानं सिंदफणा नदीवरच्या माजलगाव धरणात येतं. पाण्याबरोबर नाथसागरातले सूक्ष्मजीवही येतात. सिंदफणेच्या पाण्यात ते टिकतात, की तिथले मूळचे जीव त्यांना हुसकून लावतात? कालवा सुटण्याआधी आणि सुटल्यानंतर काय बदलतं? हा प्रश्न जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत मान खाली घालायला लावणारा नाही, आणि तो तुझ्या दारात आहे.

याच्यापुढचं मी फार मनापासून सांगते. या क्षेत्रात हुशारीपेक्षा एका पाण्याशी टिकून राहणं जास्त कामी येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला मेंडोटा नावाचा तलाव आहे. तिथं २००० सालापासून वीस वर्षं सूक्ष्मजीवांचे नमुने घेत राहिले, आणि त्या एका मालिकेतून आज जगाला जे कळतं ते शंभर तलावांना एकेकदा भेट देऊन कळलं नसतं. आपल्याकडे नमुने घेतले जातात ते बहुधा प्रबंधापुरते. दोन वर्षं झाली, पदवी मिळाली, तलाव सुटला.

हे टिकणं काय शिकवतं त्याचा एक अनुभव सांगते. पीएच.डी.च्या वेळी मी नाथसागरावर एका भोई मामांच्या होडीतून जायचे. नोव्हेंबरच्या शेवटी एका पहाटे मामांनी वल्हं थांबवलं, पाण्यात हात घालून वास घेतला आणि म्हणाले, 'ताई, पाणी पलटलंय. आज जाळं टाकून उपेग न्हाई.' मी मीटर सोडला. पृष्ठभागावर एरवी लिटरमागे सात-आठ मिलीग्रॅम मिळणारा विरघळलेला ऑक्सिजन दोनच्याही खाली गेला होता. थंडीनं वरचं पाणी गार होऊन जड झालं होतं, खाली बसलं होतं, आणि तळाचं ऑक्सिजन संपलेलं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी वर आलं होतं. त्या दिवशीच्या फिल्टरवरचे जिवाणू पंधरा दिवसांपूर्वीच्या यादीशी जुळेनात. मी महिन्यातून एकदाच गेले असते तर ही घटना माझ्या आकड्यांत आलीच नसती, आणि मामा नसते तर तिचा अर्थ लागला नसता.

म्हणून पदवीची वाट न बघता आत्तापासून एक वही सुरू कर. धरणाची एक जागा ठरव, दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, तिथंच जा. तारीख, वेळ, वारा, आभाळ, पाण्याची पातळी, तापमान, पीएच लिहायचं. सेकी डिस्क, म्हणजे पाणी किती नितळ आहे ते मोजायची थाळी, घरी होते: वीस सेंटिमीटरची स्टीलची थाळी घे, तिचे चार भाग करून आलटून-पालटून काळा-पांढरा ऑइलपेंट मार, मधोमध भोक पाडून दोरी ओव, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण कर, खाली वजन बांध. थाळी दिसेनाशी होते ती खोली लिहायची. एक थेंब कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघून जे दिसेल त्याचं चित्र काढायचं. वर्षभरात चोवीस नोंदी होतात. पुढं प्रवेशाच्या किंवा फेलोशिपच्या मुलाखतीत ही वही टेबलावर ठेव. मी अशा मुलाखती घ्यायला बसते. नव्वद टक्के गुण रोज दिसतात, चोवीस तारखांची वही क्वचित दिसते.

आता वर्षं आणि पैसे. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. साधारण पाच, आणि संशोधन संस्थेत जायचं असेल तर त्यानंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद. म्हणजे आजपासून दहा वर्षं धर. पण ही दहाही वर्षं बिनपगारी नसतात, हे वडिलांना नीट सांग. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेत लाइफ सायन्सेसमधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याही फेलोशिप असतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, मलाही पहिल्या दोन प्रयत्नांत मिळाली नव्हती. माझा सल्ला असा की फेलोशिप हातात नसताना पीएच.डी.ला नाव नोंदवू नकोस. घरून पैसे मागत पाच वर्षं काढणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांचं काम मध्येच सुटतं, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

एम.एस्सी.नंतर लगेच पैसे हवेच असतील तर वाळूजच्या कंपनीला नाही म्हणू नकोस. औषध कंपनीच्या मायक्रो क्यूसीमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव तपासणीच्या विभागात, शुद्ध पाण्याची जिवाणू मोजणी बऱ्याच ठिकाणी आर-टू-ए या कमी पोषणाच्या मिडियावर करतात, आणि तोच मिडिया आम्ही धरणाच्या पाण्याला वापरतो. तिथं निर्जंतुक हातकाम आणि प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लिहिण्याची शिस्त अंगात भिनते. माझ्याकडे दोन वर्षं कंपनीत काढून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या नोंदी सगळ्या गटात उत्तम असायच्या. दुसरा आधार पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या ठिकाणी प्रयोगशाळा आहेत. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात १०० मिलीलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळता कामा नये; ही तपासणी चोख करता येणारा माणूस उपाशी राहत नाही. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कॉलेजची प्राध्यापकी या वाटाही आहेत. प्राध्यापकीत मात्र कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर किती काळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून तेवढ्याच एका भरवशावर आखणी करू नकोस.

मराठवाडा सोडावा लागेल का? कायमचा नाही, पण काही काळ सोड. छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला एम.एस्सी. करून पाया उत्तम होतो. त्यानंतर तंत्र शिकायला बाहेर पड. पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि आघारकर, नागपूरला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, ही तुझ्या बसच्या अंतरावरची ठिकाणं आहेत. भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादम्यांबरोबर उन्हाळी संशोधन फेलोशिप देते, तिला अर्ज कर. दोन महिन्यांत खरी प्रयोगशाळा कशी चालते ते कळतं. आणि संगणकाला घाबरू नकोस. आज आम्ही पाणी गाळून डीएनए काढतो, जिवाणूंची ओळख पटवणारं १६एस जनुक वाचतो आणि कोण कोण आहे ते संगणकावर ओळखतो. आर ही आकडेवारीची संगणकभाषा शिक, नंतर डीएनए वाचनांचं विश्लेषण करणारं क्यूआयआयएमई-२. जगभरातल्या तलावांची डीएनए वाचनं एनसीबीआय या अमेरिकेतल्या माहितीसंग्रहावर फुकट उपलब्ध आहेत. त्यांवर सराव करायला लॅपटॉप आणि इंटरनेट एवढंच लागतं, ते माजलगावलाही आहे.

गाईड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेट. किती जणांचं पूर्ण झालं, किती वर्षांत झालं, गाईड स्वतः कधी पाण्यावर येतात का, हे विचार. विद्यार्थी मोकळेपणी बोलायला कचरले, तर तेच उत्तर समज.

हातकामातलं थोडं सांगते, कारण हे कुठं लिहिलेलं सापडत नाही. आपल्या काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की जुलैत ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ५० मिलीलिटर पाणीही जात नाही. दिवाळीनंतर तोच फिल्टर अर्धा लिटर घेतो. म्हणून किती पाणी गेलं ते प्रत्येक नळीवर लिहायचंच, नाहीतर दोन महिन्यांची तुलना करता येत नाही. दरवेळी एक फिल्टर निव्वळ निर्जंतुक पाण्याचा ठेवायचा, म्हणजे कोणता डीएनए धरणातला आणि कोणता आपल्या हातातला किंवा डीएनए काढायच्या किटमधला ते कळतं. आणि नमुन्यांचे दोन संच करायचे, दोन वेगळ्या इमारतींत. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भारनियमन लांबलं, डीप फ्रीझर बंद पडला आणि जनरेटर सुरू करायला कुणी नव्हतं. सुट्टीनंतर दार उघडलं तर ट्रेमध्ये पाणी साचलेलं, नळ्यांवरची शाई पसरलेली. नऊ महिन्यांचे फिल्टर गेले. मी तिथंच फरशीवर बसून रडले. त्यानंतर आजपर्यंत माझ्या प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा साध्या तापमानाला टिकणाऱ्या द्रावणात वेगळा ठेवलेला असतो, आणि लेबल पेन्सिलीनं लिहिलेलं असतं.

राहिला पोहण्याचा प्रश्न. आत्ता येत नसलं तरी चालेल, पण शिकून घे. मी सव्विसाव्या वर्षी शिकले, मावशीच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. होडीत बसताना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, पोहता येत असलं तरी. नमुन्याला एकटीनं जायचं नाही. जलसंपदा विभागाची परवानगी आधी काढायची, आणि पुढं कधी नाथसागरावर काम केलंस तर ते पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनविभागाचीही लागते. खरी भीती पाण्यापेक्षा उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळाची आहे. वरून तडे गेलेला, कोरडा दिसतो, आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो. माणूस मांडीपर्यंत रुततो आणि सुटायला धडपडला की आणखी खाली जातो. म्हशी जिथून रोज पाण्याला जातात त्या वाटेनंच चालायचं, हातात काठी ठेवून, पुढं टोचत. पहिल्या खेपेला वडिलांनाच सोबत ने. जमीन कुठं पाय धरते आणि कुठं सोडते ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि तू तिथं नेमकं काय करणार आहेस तेही त्यांना बघायला मिळेल.